पुलापलीकडची पाच मिनिटं

पहाटे साडेपाचला फोन किंचाळला. सायलेंटवर ठेवला तरी त्या सरकारी इशाऱ्याला काही फरक पडत नाही, तो वाजायचा तेव्हा वाजतोच. दाट धुकं, गाडी जपून चालवा, आधी अरबीत आणि मग इंग्रजीत. श्रीकांत, माझा नवरा, "बंद कर गं ते," म्हणाला आणि कुशीवर वळून परत घोरायला लागला. मी उठून बाल्कनीचं दार सरकवलं. समोरची मशीद नव्हती. खालचं पार्किंग नव्हतं. रेलिंगला हात लावला तर तळवा ओला झाला आणि नाकात तो वास शिरला, खाऱ्या पाण्याचा आणि ओल्या धुळीचा. वाळवंटात धुकं पडतं हे पुण्याच्या लोकांना आधी पटत नाही, मग त्याला वास असतो हे तर अजिबातच पटत नाही. मी सांगणं सोडून दिलंय.

अबू धाबीबाहेरच्या आमच्या खलिफा सिटीत फेब्रुवारी आला की हे सुरू होतं. मोठ्या रस्त्यावरच्या पाट्या वेग ऐंशीवर आणतात, गाड्या दिवे लुकलुकवत रांगेत सरकतात, शाळेच्या बसेस उशिरा येतात. लहान मुलं खूश असतात. दहावी-बारावीच्या मुलांचे आईबाप तेवढे खूश नसतात, कारण बोर्डाच्या परीक्षा नेमक्या याच दिवसांत येतात. आमच्या अर्णवची दहावी कधीच उरकली, तो आता कॉलेजात आहे. सकाळी मी खिडकीशी उभी दिसले की म्हणतो, "इट्स जस्ट फॉग, आई. चिल." त्याचं बरोबर आहे. धुकंच ते. लोक त्याचे फोटो काढतात, वर काचेच्या इमारतींची टोकं आणि खाली नुसता पिंजलेला कापूस, आणि ग्रुपवर टाकतात. मी अंगठा देते आणि फोन पालथा ठेवते. मला त्यात फिलोमिना आठवते, आणि ती आठवलेली मला आवडत नाही.

त्या वर्षी आम्ही आयलंडवर राहायचो. अबू धाबीचं मूळ शहर बेटावर आहे, समुद्रालगतचं, जुनं, महाग. पूल ओलांडला की बाहेरची उपनगरं लागतात, वाळू सपाट करून वसवलेली. आयलंडवरचे आम्ही बाहेरच्यांना "पुलापलीकडचे" म्हणायचो. "ते पुलापलीकडचे आहेत हो, त्यांना उशीर होणारच." "पुलापलीकडून येतात, जेवूनच जातात." असलं बोलताना आपण काही वाईट बोलतोय असं कुणाला वाटत नसे. मलाही नाही. आता श्रीकांतच्या कंपनीने हाउसिंग अलाउन्स कापल्यापासून मीच पुलापलीकडची आहे, आणि आयलंडवरच्या बायका फोनवर माझ्याशी जरा जास्तच गोड बोलतात. मला ते समजतं. तो सूर मीच त्यांना शिकवलाय.

ही राजधानी आहे, संघराज्याची. मंत्रालयं, वकिलाती, झेंडे, कडेला कातरून सारखी केलेली हिरवळ. या शहरात आम्ही वर्षानुवर्षं राहतो, पोरं इथेच वाढवतो, आणि शहर कसं चालावं याबद्दल आम्हाला कुणी विचारत नाही. विचारण्याची अपेक्षाही नाही, पाहुण्याने यजमानाच्या स्वयंपाकघरात नाक खुपसू नये हे आम्हाला शिकवावं लागलेलं नाही. माझ्या ऑफिसात मरियम होती, इथलीच, अगदी नागरिक. देशाच्या सभेसाठी मतदान असायचं तेव्हा आधी मतदारांची यादी लागायची. यादीत नाव आलं तर मत, नाही तर नाही. एका वर्षी मरियमचं नाव आलं आणि तिच्या थोरल्या भावाचं आलं नाही. तिने सगळ्यांना खजूर वाटले आणि मला म्हणाली, "मृणाल, घरी माझ्याशी दोन दिवस कुणी बोललं नाही." आणि खूप हसली. मी तिला विचारलं, "तू मत कुणाला देणार?" तर म्हणाली, "ते मी ठरवलेलं नाही. पण भाऊ रोज मला कॉफी आणून देतो."

आमचं पुण्याचं मत तर केव्हाच गेलं. विमानाचं तिकीट काढून कोथरूडला जाऊन बटण दाबायचं, एवढी देशभक्ती कुणाच्या खिशाला परवडत नाही. शेवटी सासऱ्यांनी फोन करून सांगितलं, यादीतून तुम्हा दोघांची नावं उडाली. श्रीकांत म्हणाला, "खलास. सुटलो." तरी महाराष्ट्राच्या निकालाच्या दिवशी हाच माणूस रजा टाकून टीव्हीसमोर बसतो, घरी मिसळ करायला लावतो आणि मित्राशी फोनवर असा भांडतो की जणू आमदारकी त्याचीच गेली.

मत नसलेल्या माणसांना मतदानाची फार हौस असते. आमच्या मराठी मंडळात आम्ही कशावरही मतदान घ्यायचो. मोदक उकडीचे की तळणीचे. मराठी दिनाला वडापाव पाच दिरहॅम की सहा, "म्हणजे सव्वाशेच्या वर झाले की हो रुपये", मग त्यावर अर्धा तास. नाटकात पडदा निळा की मरून. ठराव, अनुमोदन, हात वर. सात जणांची कार्यकारिणी, सगळे आयलंडवरचे, आणि प्रत्येकाला आपला हात म्हणजे काय ऐवज वाटायचा. मी चिटणीस होते. मंडळाची घटना माझ्या लॅपटॉपवर होती आणि तिच्यातलं प्रत्येक कलम मला पाठ होतं, हे मी अजूनही थोड्या अभिमानाने सांगते.

पुलापलीकडे घरं वाढली, तशी तिकडची मराठी कुटुंबंही वाढली, आणि ती म्हणायला लागली, आम्ही वर्गणी भरतो, आम्हालाही कार्यकारिणीत जागा द्या. अध्यक्ष करंदीकर साहेब अस्वस्थ झाले. जागा दिली तर आठ होणार, आणि आठवा कुणाच्या बाजूने हात वर करेल कोण जाणे. तोड मी काढली. 'उपनगर प्रतिनिधी' असं नवं पद तयार केलं. त्याने प्रत्येक बैठकीला यावं, प्रत्येक विषयावर पाच मिनिटं बोलावं. मत मात्र नाही. वर आणखी एक ओळ घातली, ती मला फार आवडली होती. मतदानाच्या वेळी हात मोजायचं काम उपनगर प्रतिनिधीने करावं. ज्याला मतच नाही त्याच्यावर पक्षपाताचा आळ कोण घेणार? करंदीकर साहेब टाळी वाजवून म्हणाले, "मृणाल, तू वकील व्हायला हवी होतीस." मी त्या दिवशी घरी येऊन श्रीकांतला दोनदा सांगितलं.

फिलोमिना ही पहिली उपनगर प्रतिनिधी. वसईची. एका दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती, नवरा विल्सन हॉटेलात बँक्वेटला. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, पण मी तिला पहिल्या दिवसापासून अगं-तुगं केलं आणि ती मला शेवटपर्यंत "मृणालताई, तुम्ही" म्हणाली. बैठकीला दोन बस बदलून यायची. कधी डब्यातून रवा केक आणायची, आणि तो करंदीकर साहेब सगळ्यांत आधी उचलायचे. तिची पाच मिनिटं ती कागदावर लिहून आणायची. तिकडे शनिवारची मराठी शाळा सुरू करा, बसची वेळ बघून बैठक घ्या, असलं काहीतरी. आम्ही माना डोलवायचो. करंदीकर साहेब म्हणायचे, "छान मांडलंस, इन्शाल्ला बघू." मग हात वर व्हायचे आणि फिलोमिना उभी राहून बोटाने एकेकाकडे दाखवत मोजायची, एक, दोन, तीन, शाळेत हजेरी घेतात तशी, खणखणीत. मोजण्यात तिने कधी चूक केली नाही. मी इतिवृत्तात लिहायचे, 'सर्वानुमते नामंजूर'. चार विरुद्ध तीन असलं तरी सर्वानुमतेच लिहायची आमची पद्धत होती, म्हणजे मनं दुखावत नाहीत. खाली मोजणाऱ्याची सही. ती करायची.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत ती एका व्हिलात राहत होती. व्हिला म्हणजे काय, मालकाने एका घराची प्लायवूडच्या भिंती घालून अकरा घरं केलेली. सगळे असेच राहायचे, नोकरदार माणसाला पुलापलीकडेही दुसरं परवडत नव्हतं. मग नगरपालिकेची तपासणी झाली. एका घरात एकच कुटुंब, नियम चुकीचा नव्हता, आगबिग लागली असती तर अकरा कुटुंबं भाजली असती. दारावर कागद लागला, दहा दिवसांत घर रिकामं करा. मालकाने फोन उचलायचं बंद केलं आणि मीटरवरून स्वतःचं नाव काढून घेतलं. वीज गेली. फिलोमिनाची मुलगी ॲनेट दहावीला होती. बोर्डाचा पहिला पेपर अठरा दिवसांवर होता.

मी ॲनेटला दोन-तीनदा पाहिलं होतं. उंच, चष्मा, केसांना तेल. गणपतीच्या कार्यक्रमात पोरांच्या गणिताच्या कोड्यांत तिने बक्षीस घेतलं होतं, आमच्या अर्णवला मागे टाकून. "शी इज क्रेझी, आई, शी डझ इट इन हर हेड," अर्णव म्हणाला होता. मला ते तेव्हा आवडलं नव्हतं. हे लिहायची गरज नाही, पण लिहिते.

मंडळाचा एक फ्लॅट होता, आयलंडवर, एका कापडाच्या दुकानाच्या वर. दोन खोल्या. एकीत पुस्तकांची कपाटं आणि गणपतीचं मखर, दुसरीत मोकळी जागा, तिथे तालमी व्हायच्या. ॲनेटचं परीक्षा केंद्र तिथून चालत दहा मिनिटांवर. फिलोमिनाने अर्ज दिला. एक महिना, फक्त परीक्षा संपेपर्यंत, आम्हा तिघांना मागच्या खोलीत राहू द्या. विल्सन हॉटेलात राहील, तर आम्हा दोघींनाच द्या. तिच्या आसपासची मराठी घरंही त्याच नोटिशीखाली होती, त्यामुळे शेजाऱ्याकडे जायचा प्रश्न नव्हता. आयलंडवर आमचं तीन खोल्यांचं घर होतं आणि शिवाय स्वयंपाकघरामागे कामवालीची खोली. कामवाली नव्हती. त्या खोलीत इस्त्रीचं टेबल आणि रिकाम्या सूटकेस होत्या. हे मला तेव्हाही माहीत होतं.

बैठक शुक्रवारी सकाळी त्याच फ्लॅटवर झाली. त्या दिवशीही धुकं होतं, खिडकीला नुसतं पांढरं पुठ्ठ्यासारखं चिकटलेलं. फिलोमिना अर्धा तास उशिरा आली, चप्पल ओली, ओढणी ओली. म्हणाली, "सॉरी, बस दिसतच नव्हती, नंबर वाचायला रस्त्यात उतरले." करंदीकर साहेबांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. पाच मिनिटं.

तिने यावेळी कागद आणला नव्हता. उभी राहिली आणि म्हणाली, "मी काय बोलते, मी कधी मंडळाकडे स्वतःसाठी काही मागितलं नाही. पोरगी हुशार आहे. शेजाऱ्याच्या गाडीत बसून वाचते, आतला दिवा लावून, तर बॅटरी उतरते. तिला फक्त एक टेबल आणि वीज पाहिजे. आम्ही तुमच्या मखराला हात लावणार नाही. स्वयंपाक करणार नाही, बाहेरून आणू. तालमीच्या वेळी आम्ही दोघी खाली जाऊन बसू, दुकानाच्या पायरीवर." मग थांबली. दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती. करंदीकर साहेब म्हणाले, "अजून वेळ आहे तुझा." ती म्हणाली, "अजून काय बोलू?"

चर्चा झाली. करंदीकर वहिनी, त्याही सातांतल्या एक, म्हणाल्या, "माझं काही नाही गं, पण फ्लॅटमध्ये आपले देव असतात. उद्या कुणी काही बोललं तर तुलाच वाईट वाटेल." त्यांच्या घरी दर शुक्रवारी सुरमई असते आणि देवही तिथेच असतात. कुणीतरी म्हणालं, एकाला दिलं की दहा येतील. कुणीतरी म्हणालं, मुलीच्या परीक्षेचा प्रश्न आहे हो, महिनाभराने काय बिघडतंय. मी काही बोलले नाही. मराठी दिनाच्या नाटकात मी आईची भूमिका करत होते, रोज संध्याकाळी त्या खोलीत तालीम होती, आणि मधेच कुणी खाली पायरीवर जाऊन बसतंय या विचाराने माझा मूड गेला असता. शिवाय करंदीकर साहेब जूनमध्ये निवृत्त होऊन परत जाणार होते आणि अध्यक्षपदासाठी माझं नाव ते सुचवणार होते. एवढीच कारणं. दुसरी शोधली, पण सापडली नाहीत.

मग मतदान. फिलोमिना उभी राहिली, हात मोजायला. स्वतःच्या अर्जावर. कुणाच्याही मनात आलं नाही की आज दुसऱ्या कुणाला मोजू द्यावं. मी चिटणीस, कलम माझं, माझ्याही मनात आलं नाही. ती म्हणाली, "बाजूने कोण?" मग म्हणाली, "विरुद्ध कोण?" बाजूने तीन, विरुद्ध चार. तिने आकडे सांगितले, मी लिहिले, तिने सही केली. मग पिशवीतून डबा काढला आणि म्हणाली, "केक आणलाय, घ्या ना." आम्ही घेतला.

चौथा हात माझा होता. त्या रात्री श्रीकांतला मी जे सांगितलं ते असं, की फोनवर ऑफिसचा मेसेज आला होता, माझं लक्ष त्यात होतं. बाजूने किती हात झाले ते मला कळलंच नाही, मला वाटलं चार झाले, ठराव पास झाला. मग उगाच अध्यक्षांना कशाला दुखवा, म्हणून माझा हात त्यांच्या बाजूला टाकला. एका हाताने काय होतंय. श्रीकांत म्हणाला, "होतं असं." पुढे ही हकीकत मी बऱ्याच जणांना सांगितली आणि प्रत्येकाने तेच म्हटलं.

नोटिशीची मुदत संपली तशा त्या मायलेकी शारजाला गेल्या, विल्सनच्या बहिणीकडे. परीक्षा केंद्र बदलून मिळत नाही. त्यामुळे पेपर असेल त्या दिवशी पहाटे चारला निघायचं, बहिणीच्या नवऱ्याच्या गाडीतून, शारजा, दुबई, मग तो लांबच लांब सरळ रस्ता अबू धाबीपर्यंत. पहिले तीन पेपर झाले. हे मला विल्सनकडून समजलं, आमच्या ऑफिसचं डिनर त्याच्या हॉटेलात होतं आणि तो माझ्या टेबलाला सूप वाढत होता. "जमतंय, मॅडम," तो म्हणाला. "गाडीत झोपते ती. हुशार आहे." मी म्हटलं, "ऑल द बेस्ट सांग तिला." त्याने माझ्या वाटीत पावाचे दोन क्रुटॉन जास्त घातले.

गणिताच्या पेपरच्या दिवशी फोन किंचाळला तेव्हा मी जागी होते. त्या मोसमातलं सगळ्यात दाट धुकं होतं. श्रीकांतला ऑफिसला उशिरा या असा मेसेज आला. आम्ही मजेत चहा घेतला, मी थालीपीठ लावलं. अकराव्या मजल्यावरून खालचा चौक दिसत नव्हता, फक्त हॉर्न ऐकू येत होते. मला आठवलं, आज गणित आहे. नाही असं नाही, आठवलं. मी थालीपीठ उलटलं. मोठ्या रस्त्यावर कुठेतरी दोन ट्रक आदळले होते आणि मागे सगळं थांबलं होतं. ॲनेट गेटवर पोचली तेव्हा गेट बंद होऊन वीस मिनिटं झाली होती. नियम तो नियम, एका मुलीला सोडलं तर सगळ्यांना सोडावं लागतं, गेटवरच्या माणसाची काय चूक. आयलंडवरच्या एका बाईने हे पाहिलं, तिचा मुलगा आत होता. ती सांगत होती, पोरगी रडली नाही. गेटच्या जाळीला धरून उभी राहिली आणि आत घंटा झाली तेव्हा तिने बॅगेतून कंपास काढला, उघडला, बंद केला आणि परत आत ठेवला. फिलोमिना तिथेच फुटपाथवर बसली होती. ती बाई मला म्हणाली, "बघवत नव्हतं गं." मग म्हणाली, "मंडळाने काहीतरी करायला हवं होतं, नाही?" मी म्हटलं, "हो ना."

नाटक छान झालं. माझ्या आईच्या भूमिकेचं कौतुक झालं, शेवटच्या प्रवेशात पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या. जूनमध्ये मी अध्यक्ष झाले, चार विरुद्ध तीन. इतिवृत्तात 'सर्वानुमते' लिहिलं गेलं. दोन वर्षं राहिले. अध्यक्ष म्हणून मी काय केलं ते आता कुणाला आठवत नाही, मलाही फारसं नाही. पडदा मरून केला.

आम्ही इकडे राहायला आलो तेव्हा नव्या चिटणिसाचा फोन आला. पोरगेला आवाज. "मॅडम, उपनगर प्रतिनिधी म्हणून तुमचं नाव घालू का? रूल तुम्हीच बनवलाय ना, तुम्हाला सगळं माहितीये." तो खरंच आदराने बोलत होता. मी विचारलं, "मत अजून नाहीच ना?" तो म्हणाला, "नाही मॅडम, बोलायला पाच मिनिटं आहेत." मी तब्येतीचं कारण सांगितलं. एकटी पुलावरून जाऊन त्या सात जणांपुढे उभं राहायचं आणि घड्याळ टेबलावर ठेवलेलं बघत बोलायचं, माझ्याच्याने व्हायचं नाही. मला अपमानाची सवय नाही.

ॲनेटचं पुढे काय झालं ते मी कधी नीट विचारलं नाही. वसईला आजीकडे गेली, दहावी पुढच्या वर्षी तिकडूनच दिली, इतपत माहीत आहे. इथे परत आली नाही. तिच्या वयाच्या मुली मला मॉलमध्ये दिसतात, चष्म्यातल्या, उंच. मी त्यांच्याकडे बघत नाही.

फिलोमिना जायच्या आदल्या आठवड्यात माझ्याकडे आली होती. आमच्या आयलंडवरच्या घरी, पहिल्यांदाच आणि शेवटचीच. ती पोरीबरोबर कायमची वसईला निघाली होती, विल्सन एकटा मागे राहणार होता. मंडळाचं हजेरीचं पुस्तक तिच्याकडे होतं, ते द्यायला आली. मार्चची दुपार होती, धुक्याचे दिवस संपून ऊन तापायला लागलं होतं. मी तिला सरबत दिलं. तिने घर बघितलं, बाल्कनी बघितली, स्वयंपाकघराकडे जाताना मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं तेही बघितलं. आत इस्त्रीचं टेबल होतं आणि सूटकेस होत्या. मीच म्हटलं, "पसारा आहे नुसता."

निघताना दारात चपला घालता घालता थांबली. म्हणाली, "मृणालताई, एक विचारू? राग मानू नका. त्या दिवशी बाजूचे हात मोजताना तीन झाल्यावर मी थांबले होते. तुमच्याकडे बघून. मला वाटलं, तुमचा येईल. मी तीन हा आकडा दोनदा बोलले. तुम्ही ऐकलं नाही का?"

ऐकलं होतं. दोन्ही वेळा ऐकलं होतं. तीन म्हणून ती थांबली, तिचं बोट माझ्या दिशेने हवेत होतं, आणि चौथा हात माझाच आहे, तो आता वर केला की पोरीला टेबल मिळतंय, हे मला माझं नाव माहीत असावं इतकं स्पष्ट माहीत होतं. फोनवर मेसेज नव्हता. मी काळ्या स्क्रीनकडे बघत बसले, ती दुसऱ्यांदा "तीन" म्हणाली, मग मी विरुद्धची वाट बघितली आणि हात वर केला.

"नाही गं," मी म्हटलं. "माझं लक्ष फोनमध्ये होतं. कळलंच नाही मला."

तिने माझ्याकडे बघितलं. मग तिचा चेहरा सैल झाला, कित्येक दिवस डोक्यात अडकलेलं काहीतरी सुटावं तसा. म्हणाली, "मग मीच हळू मोजलं असणार. माझंच चुकलं. जरा मोठ्याने बोलायला पाहिजे होतं." आणि माझा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाली, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मी म्हटलं, "नाही घेत."